सांडोरच्या टेनरचं चरित्र, प्रकरण पहिलं

१ जानेवारी १९७९, सोमवार. सकाळी ११
नवी डायरी. नवे संकल्प. रोज पाचला उठायचं. इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचायचा. आयशी वाद घालायचा नाही. आयुष्य एका मोठ्या कार्याला वाहायचं. उठण्याचं उद्यापासून. काल चर्चमध्ये मध्यरात्रीची मिस्सा होती, त्यामुळे आजचा दिवस धरता येत नाही.

घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटवर जबाबदारी फार असते. गाऊनमधला माझा फोटो पप्पांनी देवघराच्या तसबिरीला लागून टांगला आहे. आलेले पाहुणे दोघांना मिळूनच हात जोडतात. पप्पा म्हणाले, फोटो झाला, आता पुढे?

पुढे म्हणजे टेलिफोन एक्सचेंज. अर्ज पप्पांनी भरला, सही तेवढी माझी घेतली, आणि नाव लागलं. दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांच्या हाकेला ओ द्यायची. यासाठी का बी.ए. केलं? मी ३१ मेपर्यंत मुदत मागितली. तोवर कार्य सापडलं आणि मार्गी लागलं, तर एक्सचेंज नाही. नाहीतर ४ जूनला हजर. पप्पांनी कबूल केलं. दाढी करत होते, त्यामुळे हसले की नाही ते कळलं नाही.

२ जानेवारी
उठले. आठला.

३ जानेवारी
आठ ही वेळ माझ्या प्रकृतीला मानवते असं दिसतं. अग्रलेख खतांवर होता. सोडला. आयशी वाद घातला नाही, फक्त तिचं काय चुकतं ते सांगितलं.

२७ जानेवारी, शनिवार
कार्य सापडण्याची चिन्हं. मुंबईच्या फुटपाथवर एक इंग्रजी चरित्र घेतलं. मुखपृष्ठ नाही. शेवटची पानंही नाहीत, पण त्याने काही बिघडत नाही. थोर माणसाच्या शेवटी काय असणार, आणखी थोरपणा. आल्दो फेरांतिनी नावाचा इटालियन टेनर. टेनर म्हणजे पुरुषांतला उंच, चढा आवाज. ऑपेरात नायक तोच असतो. हा आल्दो लिंबांच्या बागेत वाढला. गावात त्याला कोणी विचारत नव्हतं. एका शिकलेल्या बाईने त्याचा आवाज ओळखला आणि पुढे अख्खा युरोप उभा राहून टाळ्या वाजवत होता.

शिकलेल्या बाईबद्दल पुस्तकात फक्त दीड पान आहे. हा अन्याय आहे.

४ फेब्रुवारी, रविवार
टेनर सापडला. सांडोरला.

प्लासिडमामांच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून त्यांच्या ओट्यावर लादिन होती. प्लासिडमामा आमचे लांबचे नातेवाईक, चाळीस वर्षं सांडोरच्या लादिनी तेच सुरू करतात. लॅटिनमध्ये ते एका संताचं नाव घेतात, मागून सगळे ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी प्रार्थना कर, म्हणतात, मग पुढचा संत. मी उकडलेल्या चण्यांकडे लक्ष ठेवून होते. तेवढ्यात मागून एकाचं उत्तर आलं आणि माझ्या हातातल्या बशीतला चमचा वाजला. खरंच वाजला.

मागे वळून बघितलं. फेबियन. मामांचा भाचा, सव्वीस वर्षांचा, केळीच्या बागेत काम करतो, राजेळी केळी सुकवून त्यांची सुकेळी विकतो. बोलताना मान खाली. गाताना छप्पर वर. त्याच्या आईला, रेजिनाकाकींना, कमी ऐकू येतं आणि बागेचं दुसरं टोक लांब, त्यामुळे आवाज असा तयार झाला असावा. आल्दोच्या आईलाही कमी ऐकू यायचं (पान ९). हा योगायोग नाही.

चणे खायचे राहिले.

११ फेब्रुवारी, रविवार
आमच्या पापडीहून सायकलने सांडोरला गेले. फेबियन केळीची पिल्लं खणून काढत होता. मी योजना मांडली. वसईचा पहिला ऑपेरा टेनर. तो म्हणाला, ऑपेरा म्हणजे नाटक का? म्हटलं, नाटकच, पण सगळं गाऊन. तो म्हणाला, भांडणपण? भांडणपण. मरतानापण? म्हटलं, मरताना तर सगळ्यात जास्त. त्याने आणखी एक पिल्लू खणून काढलं. मग म्हणाला, लई टाइम लागत असेल मरायला.

शेवटी हो म्हणाला. रेजिनाकाकी नंतर म्हणाल्या, तो सगळ्यांनाच हो म्हणतो, मागच्या महिन्यात दोन विमा एजंटांना हो म्हणाला. मी मनावर घेतलं नाही.

आजच चरित्राला सुरुवात. शीर्षक: फेबियन, जीवन आणि कारकीर्द. कारकीर्द अजून व्हायची आहे, म्हणून आधी जीवन.

१४ फेब्रुवारी
प्रकरण पहिलं, जन्म आणि बालपण. साहित्य गोळा करायला रेजिनाकाकींकडे गेले. त्यांच्या कानात ओरडून विचारलं, जन्मला तेव्हा आवाज कसा होता? त्या म्हणाल्या, आवाज कुठला? रडलाच नाही. आम्ही सगळ्या घाबरलो. मग बाजूच्या खाटेवरचं पोरगं रडलं, तेव्हा हा रडला. मग मात्र दवाखाना डोक्यावर घेतला.

लिहिलं: साथसंगतीची उपजत जाण.

२८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
उपवासकाळ सुरू. चाळीस दिवस चहा सोडला. त्या त्यागाचं फळ टेनरला अर्पण.

१ मार्च
उर्सुलामावशीकडे चहा घेतला. माझं नाव तिच्यावरून ठेवलेलं आहे, तिच्या घरी नाही म्हणणं हा अहंकार झाला असता. अहंकार सोडणं हा चहा सोडण्यापेक्षा मोठा त्याग आहे.

९ मार्च
प्रशिक्षण पुस्तकाप्रमाणे. सकाळी कच्चं अंडं. गळ्याला मफलर. रविवारी दुपारपर्यंत मौन. फेबियन सगळं करतो. पण रेजिनाकाकी अंडी मोजतात आणि मफलर बघून त्यांनी शेजारी सांगितलं की पोराचा घसा बसला. मौनाने त्याला दुजोराच मिळाला. चार घरांतून काढा आला. फेबियन चारही प्याला, कारण नाही कसं म्हणायचं ते त्याला येत नाही.

आय म्हणाली, सांडोरला एवढं काय आहे? म्हटलं, कला. आय म्हणाली, आणि केळी किती लावल्यात त्याने? हे असं सगळं एकाच मापाने मोजायचं.

१८ मार्च, रविवार
इंग्रजी पेपरात खतांवरच्या आणखी एका अग्रलेखामागच्या पानावर जाहिरात. अग्रलेख वाचण्याची सवय कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. मुंबईच्या एका संगीत मंडळाला ऑपेरासाठी टेनर हवे आहेत. इटलीहून एक मेस्त्रो, म्हणजे संगीताचा उस्ताद, येणार आहे. ऑडिशन १९ मे.

अर्ज तीनदा लिहिला. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात लिहिलं: लॅटिन, वीस वर्षं.

२ एप्रिल
मंडळाने गाण्याचा कागद पाठवला. रेषांवर मुंग्या चढाव्यात तसं नोटेशन. शब्द इटालियन. पहिला शब्द ‘ओ’. तो त्याला आधीच येतो. बाकीचे मी देवनागरीत उतरवले.

चाल फादर फर्डिनंडनी ऑर्गनवर वाजवून द्यायचं कबूल केलं. चर्चचा गायनवृंद तेच बघतात. मी नववीत असताना त्यांनी मला वृंदातून काढून गीतांची पुस्तकं वाटायला दिली होती. माझा आवाज पुढच्या काळासाठी राखून ठेवायचा असावा.

७ एप्रिल, शनिवार
पहिली तालीम. फादर एक ओळ वाजवतात, मी शब्द म्हणते, मग फेबियन गातो. दोनदा ऐकून चाल पाठ. तिसऱ्या ओळीला वेदीपाशी फुलं लावणाऱ्या बाया काम सोडून बाकावर बसल्या. एकीने रुमाल काढला.

फादर म्हणाले, उर्सुला, एकदा तू गप्प बस बघू. म्हटलं, फादर, गप्प बसून शिकवता येत नाही. ते म्हणाले, तसं नव्हे. पण तेवढ्यात बाप्तिस्म्याचे लोक आले.

१५ एप्रिल, ईस्टर
फेबियनला वृंदात एक कडवं एकट्याने म्हणायला दिलं होतं. मीच फादरच्या मागे लागले. वेळ आली. ऑर्गन वाजला. फेबियन शांत. पुन्हा वाजला. फेबियन प्रसन्न चेहऱ्याने शांत. शेवटी वृंदातल्या सगळ्यांनी पहिली ओळ उचलली, आणि दुसरीला फेबियन असा आला की खिडकीवरची कबुतरं बाहेर गेली.

मिस्सा झाल्यावर फादर म्हणाले, मी या मुलाला कधी एकटा सुरुवात करताना ऐकला नाही. तू ऐकलास? म्हटलं, फादर, ज्यांना दृष्टी असते त्यांना ऐकावं लागत नाही. फादर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. प्रभावित झाले असावेत.

मोठे टेनर प्रवेश उशिराच करतात (पान ८८).

आजपासून चहा अधिकृत.

२ मे
सांडोरला क्रूसाजवळ लादिनी सुरू झाल्या. महिनाभर रोज संध्याकाळी. प्लासिडमामा सुरू करतात, फेबियन उत्तर देतो. आजूबाजूच्या गावांतले लोक येऊ लागलेत. चणे पुरत नाहीत. हा जनतेचा कौल आहे.

फेबियनला सांगितलं, हे सगळं युरोपात आठवेल तुला. तो म्हणाला, युरोपात किती दिवस? म्हटलं, सीझन असतो, सहा महिने. तो म्हणाला, मग पानी कोन देईल? म्हटलं, फेबियन, कलावंत पाण्याचा विचार करत नाही. तो म्हणाला, केळी करतात ना.

१४ मे, सोमवार
पाच दिवस राहिले. चरित्राचं पहिलं प्रकरण पूर्ण, अकरा पानं. दुसऱ्याचं नाव ठरलं: मुंबई जिंकली. जागा सोडून ठेवली आहे.

पप्पा म्हणाले, एक्सचेंजमधून पत्र आलं, ४ जूनला दहा वाजता. मी पत्र डायरीत खूण म्हणून ठेवलं. त्याचा तेवढाच उपयोग होणार आहे.

१८ मे, शुक्रवार
सूट मिळाला. प्लासिडमामांचा, लग्नातला. बाह्या आखूड आहेत, पण इटलीत तशी फॅशन असेल. रेजिनाकाकींनी मेस्त्रोसाठी सुकेळीचं पुडकं बांधून दिलं. मी म्हटलं, हे लाच दिल्यासारखं दिसेल. त्यांना ऐकू आलं नाही.

मी मेस्त्रोला काय सांगायचं त्याची इंग्रजीत तालीम केली. माझं नाव शेवटी घ्यायचं, सहज.

१९ मे, शनिवार. संध्याकाळी ७
सगळं नीट क्रमाने लिहिते.

मोठा हॉल, पियानो, अकरा उमेदवार, सगळ्यांना अत्तराचा वास. फेबियनला मफलरमुळे घाम. मेस्त्रो म्हातारा, पांढऱ्या मिशा, दयाळू डोळे. आमचा नंबर सातवा.

फेबियन पुढे गेला. हात समोर जुळवून उभा राहिला, क्रूसाजवळ राहतो तसा. पियानोवाल्या बाईंनी सुरुवातीचे सूर वाजवले आणि थांबल्या. फेबियन हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिला. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा वाजवलं.

मेस्त्रोने मला इंग्रजीत विचारलं, हा कशासाठी थांबलाय? मी मराठीत फेबियनला विचारलं. तो हळूच म्हणाला, अगोदर कोनीतरी म्हनायला नको?

मी उठले आणि पहिली ओळ म्हटली. माझ्या आवाजात. पियानोवाल्या बाईंनी डोळे मिटले.

आणि फेबियनने उत्तर दिलं.

कसं सांगू. झुंबर हललं म्हणणार होते, पण झुंबर नव्हतं, ट्यूबलाइट होत्या. त्यातली एक बंद होती ती लागली. मेस्त्रो खुर्चीतून उठला. अत्तरवाले दहाही जण दाराशी गोळा झाले. ओळ संपली. फेबियन थांबला. माझ्याकडे बघितलं. मी दुसरी ओळ म्हटली. त्याने उत्तर दिलं. असं गाणं शेवटपर्यंत.

मेस्त्रोने डोळे पुसले आणि विचारलं, या बाईशिवाय जमेल का? मी फेबियनला विचारलं. तो म्हणाला, एकट्याने कशी होईल लादिन? मी भाषांतर करताना ‘थोडा अवधी लागेल’ असं म्हटलं. मग तोडगा सुचवला. मी पडद्यामागे उभी राहीन आणि प्रत्येक ओळ आधी म्हणेन. मेस्त्रो म्हणाला, पुन्हा एकदा म्हणून दाखवा. मी म्हटली. तो माझा हात हातात घेऊन फार हळू आवाजात म्हणाला, नको.

निकाल पोस्टाने. फेबियनने जाताना सुकेळी दिली. मेस्त्रोने तिथेच दोन खाल्ली. शुभचिन्ह.

२० मे
फेबियनला म्हटलं, मेस्त्रो रडला. तो म्हणाला, हो, मला वाईट वाटलं, म्हनून सुकेळी पुढे केली.

२३ मे
पोस्टमन जयराम रोज फाटकाशी मला बघून आधीच मान हलवतो. आज मान न हलवता पाकीट दिलं. विजेच्या बिलाची तारीख चुकल्याची नोटीस होती.

२६ मे, शनिवार
पत्र आलं. मंडळाच्या लेटरहेडवर, टाइप केलेलं. चार ओळी. पहिल्या दोन ओळींत फेबियनचा आवाज असाधारण आहे आणि खेद वाटतो. उरलेल्या दोन ओळींत मेस्त्रो इटलीला परतण्याआधी ते वाळलेलं केळं कुठे मिळेल, दोन किलो.

फेबियनला पत्र वाचून दाखवलं. पहिल्या दोन ओळी मी सावकाश वाचल्या. त्याने विचारलं, दोन किलो कधीपर्यंत पायजे?

पप्पांनी काही विचारलं नाही. जेवताना माझ्या ताटात तळलेला बोंबील त्यांनी स्वतः वाढला. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं.

२७ मे
चरित्राची अकरा पानं वाचली. चांगली आहेत. दुसऱ्या प्रकरणाची मोकळी पानंही चांगली दिसतात. पुस्तकातल्या शिकलेल्या बाईचं पुढे काय झालं ते शोधलं. दीड पानानंतर तिचा उल्लेखच नाही.

रडले नाही. डोळ्यात कांदा गेला. कांदा आय चिरत होती, पण खोली तीच.

३१ मे, गुरुवार. सकाळी
मुदत आज संपते. अजून आख्खा दिवस आहे.

रात्री ८
आज क्रूसाजवळची शेवटची लादिन. फुलं, मेणबत्त्या, सगळं सांडोर आणि अर्धं पापडी. आणि प्लासिडमामांचा घसा गेलेला. महिनाभर गाऊन गेला. फेबियनला आला होता तसला काढा मी त्यांना नेऊन दिला, त्याने आणखी गेला. नुसते ओठ हलत होते.

लोक म्हणाले, फेबियन, तू आता मुंबईला गाऊन आलास, कर सुरू. फेबियन हात जुळवून उभा. सगळे थांबले. तो सगळ्यांसाठी थांबला. मेणबत्त्या अर्ध्या झाल्या. कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं तर आया म्हणाल्या, रडू दे, निदान सुरू तर झालं. प्लासिडमामा डोळ्यांनी माणसं शोधत होते. मला वाटलं, चाळीस वर्षांत या गावची लादिन कधी चुकली नाही, आणि आज माझ्या काढ्याने चुकतेय.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. हॉलमध्ये बघितलं होतं तसं.

मी पहिल्या संताचं नाव घेतलं. माझा आवाज उघड्यावर फार लांब जातो, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे दचकले. आणि मागून फेबियनचं उत्तर आलं, आणि त्याच्यामागून सगळ्यांचं. मग मी पुढचा संत घेतला. शेवटच्या संतापर्यंत एकदाही थांबले नाही. सगळे मला पाठ होते. हे कधी झालं?

संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, लादिनीला वाजवत नाहीत. एक म्हातारी माझ्या हातात चणे ठेवून म्हणाली, पोरी, सूर लागला नाही तुझा एकपन, पन नाव सगळी लागली. फेबियन म्हणाला, बरं झालं तू सुरू केलंस. मला तर वाटलं आज इथेच झोपायचं. आणि हसला. दात छान आहेत त्याचे. ही निव्वळ नोंद.

४ जून, सोमवार. संध्याकाळ
हजर झाले. दहाला.

सुपरवायझर मॅग्डलीन मॅडमनी कानाला यंत्र चढवून दिलं. म्हणाल्या, नियम एकच. समोर दिवा लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. समोरच्याने हाक मारल्याशिवाय आपण बोलायचं नाही. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे नुसतं थांबायचं? त्या म्हणाल्या, जमत नाही बऱ्याच मुलींना. मी म्हटलं, माझ्या ओळखीचे एक आहेत, त्यांना पहिल्या दिवशी जमलं असतं.

साडेअकराला माझा पहिला दिवा लागला. मी ‘नंबर प्लीज’ असं म्हटलं की बाजूच्या चारही मुलींचे कॉल तुटले. मॅडम म्हणाल्या, पलीकडच्याला वायरनेच ऐकू येऊ दे.

पलीकडे फेबियन होता. सांडोरच्या पोस्टातून. प्लासिडमामांचा घसा अजून बसलेलाच. तेरा तारखेला सेंट अँथनीची लादिन आहे, तेव्हा तू सुरू करशील का, असं विचारत होता. म्हटलं, विचार करून सांगते, लाइन बिझी आहे. नव्हती. पण मागितल्याबरोबर होकार देऊ नये, आल्दोही देत नसे (पान १३०).

घरी येऊन चरित्र काढलं. थोडेच बदल करावे लागले. जन्मस्थळ सांडोर होतं, ते खोडून पापडी केलं. उद्यापासून कच्चं अंडं, मफलर, पाचला उठणे.

आयला विचारलं, मी जन्मले तेव्हा रडले का? आय म्हणाली, तू? थांबतच नव्हतीस. तुझं ऐकून वॉर्डातली सगळी पोरं रडायला लागली. शेवटी नर्सने तुला उचलून कपड्यांच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

शब्दशः लिहून घेतलं.